बंडुराच्या तारांचा सीमेपार प्रवास

युक्रेनच्या लोकसंगीताची ओळख ज्या एका वाद्यावरून सांगितली जाते, ते बंडुरा आज कीव्हप्रमाणेच अमेरिकेतील डेट्रॉइट, कॅनडातील विनिपेग, ऑस्ट्रेलियातील सिडनी आणि जपानमधील टोकियो येथेही ऐकू येते. वास्तविक या वाद्याचे मूळ वादक हे जग पाहिलेले कलावंत नव्हते. ते अंध होते, गरीब होते आणि त्यांची भटकंती बहुधा आपल्या परिसरातील गावे, जत्रा आणि चर्चची प्रांगणे यांच्यापुरतीच मर्यादित होती. त्यांची गाणीही भाषेला घट्ट बांधलेली होती. ऐकणाऱ्याला शब्द कळले नाहीत, तर त्या गाण्याचा निम्म्याहून अधिक अर्थ हरवत असे. अशा गाण्याची आणि अशा वाद्याची परंपरा परक्या भाषांच्या, परक्या स्वरांच्या जगात कशी पोहोचली, हा संगीताच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय आहे. त्याची काही पाने कलावंतांच्या हौसेने लिहिली गेली, तर बरीचशी पाने बंदी, युद्ध आणि निर्वासन यांनी लिहिली आहेत.

वाद्य आणि त्याची घडण

बंडुरा समजून घ्यायचा तर आधी कोब्झा या वाद्याकडे जावे लागते. कोब्झा हे दांडी असलेले, पोटाला फुगीर असे, छेडून वाजवण्याचे तंतुवाद्य. त्याच्या मोजक्या तारा दांडीवर बोटाने दाबून निरनिराळे स्वर काढले जात. पुढे दांडीच्या एका बाजूला, वाद्याच्या पोटावरच, आखूड तारांची एक रांग जोडली गेली. या आखूड तारा दाबाव्या लागत नाहीत. प्रत्येक तार एकाच स्वरात जुळवलेली असते आणि ती मोकळीच छेडली जाते. हळूहळू दांडीवरच्या तारा दाबण्याची पद्धतही मागे पडली. त्या केवळ खर्जाचे स्वर देऊ लागल्या आणि चाल आखूड तारांवर वाजू लागली. बंडुरा हा असा दोन घराण्यांतून जन्मलेला आहे. दिसायला तो वीणेच्या जातीचा, पण वाजायला आपल्याकडील स्वरमंडळाच्या जवळचा. ही दोन्ही नावे बराच काळ एकाच वाद्यासाठी सरसकट वापरली जात. त्यामुळेच बंडुरा वाजवणाऱ्या गायकालाही ‘कोब्झार’ हेच नाव चिकटून राहिले.

जुन्या पद्धतीच्या बंडुराला साधारणत: वीसच्या आसपास तारा असत. त्याचे पोट एकाच लाकडी ओंडक्यातून, बहुधा विलोच्या झाडातून, कोरून काढलेले असे. प्रत्येक वाद्य वेगळे असे, कारण ते त्या त्या गायकाच्या गळ्यानुसार जुळवले जाई. आजच्या मैफलीतील बंडुराला मात्र ५५ ते ६५ तारा असतात. त्यावर सप्तकातील बाराही स्वर मिळतात आणि काही बनावटींमध्ये कळ फिरवून संपूर्ण वाद्याची पट्टी बदलता येते. तारा मोकळ्या छेडल्या जात असल्याने एका स्वराची आस विरण्यापूर्वीच दुसरा स्वर उमटतो आणि स्वरांचा एक झिरझिरीत पडदा गाण्यामागे उभा राहतो. गाणाऱ्या आवाजाला न झाकता त्याला आधार देण्याचा हा गुण या वाद्याला पुढे परक्या भाषांतील गाण्यांच्या साथीलाही उपयोगी पडला.

अंधांचा संघ आणि त्यांचे गाणे

एकोणिसाव्या शतकापर्यंत कोब्झार होणे म्हणजे केवळ गायक होणे नव्हते. तो एका बंदिस्त समुदायाचा सदस्य होणे होते. शेतीची कामे करू न शकणाऱ्या अंध मुलाला एखाद्या जाणत्या कोब्झाराकडे शिकण्यासाठी ठेवले जाई. तो गुरूच्या घरी राही, त्याच्याबरोबर गावोगाव फिरे आणि काही वर्षांनी संघातील ज्येष्ठांसमोर परीक्षा देऊन स्वतंत्रपणे गाण्याची अनुमती मिळवत असे. या संघांचे स्वत:चे नियम होते. आपसांत बोलण्यासाठी इतरांना न समजणारी एक सांकेतिक भाषाही त्यांनी घडवली होती. बंडुराऐवजी चाक फिरवून वाजवायचे ‘लिरा’ हे वाद्य घेणाऱ्यांना ‘लिर्निक’ म्हणत. तेही याच व्यवस्थेचा भाग होते.

त्यांच्या गाण्यांत भक्तिगीते आणि नीतिपर पदे अधिक असत. विनोदी आणि नृत्याची गाणीही असत. पण त्यांची खरी कीर्ती झाली ती ‘दुमा’ या कथनगीतांमुळे. तुर्क आणि तातार यांच्याशी झालेल्या कोसॅकांच्या लढाया, गलबतांवर वल्ही मारणारे कैदी, सतराव्या शतकातील उठाव हे दुमांचे विषय. आपल्याकडील पोवाड्याशी त्यांचे विषयाचे नाते जाणवते, परंतु त्यांचा सूर विजयाचा नसून बहुधा विलापाचा असतो. एका प्रसिद्ध दुमेत अझोव्हच्या बंदिवासातून तीन भाऊ पळतात. दोघांकडे घोडे आहेत, धाकटा पायी आहे. थोरले त्याला मागे सोडून जातात आणि तो गवताळ माळावर भुकेने, तहानेने प्राण सोडतो. यात लढाई नाही. भावाने भावाला टाकून देणे एवढेच आहे. कोब्झाराचे श्रोते या ठिकाणी रडत असत, असे जुन्या अभ्यासकांनी नोंदवले आहे.

दुमेला ठरावीक कडवी नसतात. ओळी लहानमोठ्या असतात आणि गायक त्या बोलल्यासारख्या म्हणत जातो, मध्येच एखाद्या शब्दावर स्वर लांबवतो, तानेसारखी वळणे घेतो आणि मग बंडुराच्या तारांना बोलू देतो. ती दरवेळी थोडी वेगळी होते, कारण ती पाठ केलेली संहिता नसून त्या क्षणी उभे केलेले कथन असते. दुमांमध्ये वारंवार आढळणारा स्वरसमूहही लक्षणीय आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर शुद्ध ऋषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, पंचम, शुद्ध धैवत आणि कोमल निषाद. कर्नाटक संगीतातील ‘हेमवती’ या मेळाचे स्वर नेमके हेच आहेत. यावरून दोन्ही परंपरांचे काही ऐतिहासिक नाते आहे, असे मात्र समजण्याचे कारण नाही. परंतु पूर्व युरोपातील ज्यूंच्या प्रार्थनासंगीतात आणि त्यांच्या ‘क्लेझमर’ या वाद्यसंगीतात, तसेच रुमानियाच्या लोकसंगीतातही हीच स्वरमाला आढळते. ते मात्र शेजाराचे, शतकानुशतकांच्या सहवासाचे फलित होते. बंडुराचे गाणे पुढे दुसऱ्या संस्कृतींना भेटले तेव्हा या सामायिक स्वरांनी पुलाचे काम केले.

दरबार, विद्वान आणि मेणाच्या नळ्या

परक्या वर्तुळात बंडुराचा पहिला प्रवेश झाला तो रशियाच्या दरबारात. अठराव्या शतकात युक्रेनमधील गायक आणि वादक सेंट पीटर्सबर्गला नेले जात. कोसॅक कुटुंबात जन्मलेला ओलेक्सी रोझुमोव्स्की हा गायक म्हणून दरबारात गेला, पुढे तेथे बंडुरावादक झाला आणि सम्राज्ञी एलिझाबेथच्या मर्जीने साम्राज्यातील सर्वांत प्रभावशाली सरदारांपैकी एक बनला. परंतु दरबाराला हवे होते ते मनोरंजन. खेड्यांतील अंध कोब्झारांचे गाणे दरबारापर्यंत पोहोचायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

ते घडले ओस्ताप वेरेसाय (१८०३-१८९०) या कोब्झारामुळे. दरम्यान १८४० मध्ये तारास शेव्चेन्को या कवीने आपल्या पहिल्या काव्यसंग्रहाला ‘कोब्झार’ हेच नाव देऊन या भटक्या गायकाला राष्ट्रीय प्रतीकाचे स्थान मिळवून दिले होते. त्यानंतर सुशिक्षितांचे लक्ष प्रत्यक्षातील कोब्झारांकडे वळले. १८७३ मध्ये वेरेसाय यांचे गायन कीव्हमधील भौगोलिक संस्थेच्या शाखेपुढे झाले. १८७४ मध्ये कीव्ह येथे भरलेल्या पुरातत्त्व परिषदेत त्यांना देशविदेशांतील विद्वानांनी ऐकले. संगीतकार मिकोला लिसेन्को यांनी त्यांची गाणी स्वरलिपीत उतरवून त्यांच्या गायनशैलीवर अभ्यासलेख लिहिला, तर आल्फ्रे रांबो या फ्रेंच इतिहासकाराने त्यांच्याविषयी आपल्या भाषेत लिहून पश्चिम युरोपला या परंपरेची ओळख करून दिली. १८७५ मध्ये वेरेसाय सेंट पीटर्सबर्गला जाऊन गायले.

हे कौतुक फार टिकले नाही. १८७६ मध्ये झारने एम्स या गावी काढलेल्या फर्मानाने युक्रेनियन भाषेतील बहुतेक सर्व छपाईवर बंदी आली. स्वरलिपीखाली युक्रेनियन शब्द छापण्यासही मनाई झाली. रस्त्यावर गाणाऱ्या कोब्झारांना भिकारी ठरवून पकडणे हा पोलिसांचा नित्यक्रम होऊन बसला. भाषेशिवाय ज्याला अस्तित्व नाही अशा गाण्यावरचा हा थेट घाव होता.

अशा परिस्थितीत दोन घटनांनी ही परंपरा वाचवण्यास मोठा हातभार लावला. १९०२ मध्ये खार्किव्ह येथे भरलेल्या पुरातत्त्व परिषदेत ह्नात खोत्केविच या तरुण अभियंत्याने अनेक कोब्झार आणि लिर्निकांना एकत्र आणून त्यांचा जाहीर कार्यक्रम घडवला. खोत्केविच स्वत: उत्तम बंडुरावादक होते. पुढे १९०९ मध्ये लव्हिव्ह येथून त्यांचे बंडुरावादनाचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. कानाने आणि हाताने शिकवली जाणारी विद्या त्यायोगे प्रथमच कागदावर आली.

दुसरी घटना १९०८ मधील. ख्यातनाम कवयित्री लेस्या उक्राइन्का आणि त्यांचे पती, संगीत अभ्यासक क्लिमेंत क्वित्का यांनी स्वत:च्या तुटपुंज्या मिळकतीतून पैसे काढून फोनोग्राफवर दुमांचे ध्वनिमुद्रण करण्याची योजना आखली. लव्हिव्हहून फिलारेत कोलेस्सा हे अभ्यासक त्यासाठी पोल्टावा परिसरात आले आणि त्यांनी कोब्झारांचा आवाज मेणाच्या नळ्यांवर टिपला. क्षयाने ग्रासलेल्या लेस्या उक्राइन्का यांनी त्याच काळात क्रिमियामध्ये ह्नात होंचारेंको या वयोवृद्ध कोब्झाराचे ध्वनिमुद्रण केले. कोलेस्सा यांनी या सामग्रीवरून तयार केलेले दुमांच्या स्वरलिपींचे दोन खंड १९१० आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी हे काम झाले नसते, तर पुढच्या तीस वर्षांत जे घडले त्यानंतर ते करणे कठीण झाले असते.

सन्मान आणि संहार

१९१८ मध्ये, युक्रेन अल्पकाळ स्वतंत्र असताना, वासिल येमेत्स यांनी कीव्हमध्ये बंडुरावादकांचा वाद्यवृंद स्थापन केला. एकट्याने फिरणाऱ्या गायकाची कला आता समूहाची, रंगमंचाची कला झाली. येमेत्स स्वत: लवकरच देशाबाहेर पडले. त्यांनी १९२० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातील निर्वासित युक्रेनियन तरुणांना बंडुरा शिकवला आणि पुढे अमेरिकेत जाऊन एकल कार्यक्रम केले. मायभूमीबाहेर बंडुरा रुजवण्याचा हा पहिला लक्षणीय प्रयत्न होता.

मागे राहिलेल्यांच्या वाट्याला वेगळेच दिवस आले. सोव्हिएत सत्तेने प्रारंभी राष्ट्रीय संस्कृतींना उत्तेजन दिले. बंडुरावादकांचे संघ निघाले, काही कोब्झारांना मानाच्या पदव्याही मिळाल्या. १९३० च्या सुमारास मात्र वारे फिरले. जुन्या दुमांना राष्ट्रवादी आणि धार्मिक ठरवले गेले, भटकंतीवर निर्बंध आले, क्रांती आणि सामूहिक शेतीची स्तुतिगीते गाण्याचा आग्रह सुरू झाला. १९३२-३३ च्या महाभयंकर दुष्काळात ज्या खेड्यांनी कोब्झारांना पोसले होते, ती खेडीच उद्ध्वस्त झाली. एकेकाळी सरकारने गौरवलेले कोब्झार इवान कुचुहुरा-कुचेरेंको यांना १९३७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. ज्यांनी कोब्झारांना प्रथम रंगमंचावर आणले आणि वादनाचे पहिले पाठ्यपुस्तक लिहिले, त्या ह्नात खोत्केविच यांनाही १९३८ मध्ये तसेच मारण्यात आले.

या काळाविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. परिषदेच्या निमित्ताने शेकडो अंध कोब्झारांना खार्किव्हमध्ये बोलावण्यात आले आणि सर्वांना एकाच वेळी ठार करण्यात आले, अशी ती कथा आहे. संगीतकार शोस्ताकोविच यांच्या नावावर १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आणि स्वत:च वादग्रस्त असलेल्या, आठवणींमुळे ती जगभर पसरली. अशा एका सामूहिक हत्याकांडाचा कागदोपत्री पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. एकेका कलावंताच्या अटकेचे आणि मृत्युदंडाचे पुरावे मात्र उपलब्ध आहेत आणि त्यांचे गांभीर्य त्या कथेपेक्षा कमी नाही. दडपशाहीला बळी पडलेल्या कोब्झारांचे स्मारक १९९७ मध्ये खार्किव्हमध्ये उभारण्यात आले. अंध कोब्झारांची जुनी साखळी त्यानंतर जवळजवळ तुटलीच. तिच्या अखेरच्या प्रतिनिधींपैकी एक असलेले येहोर मोव्चान १९६८ मध्ये निवर्तले.

छावणीतून डेट्रॉइटकडे

बंडुराचा खरा विस्तार झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आणि तोही सक्तीने. १९४१ मध्ये जर्मनांनी कीव्ह घेतल्यानंतर सरकारी वाद्यवृंदातील वाचलेल्या कलावंतांनी पुन्हा एकत्र येऊन शेव्चेन्को यांच्या नावाने वृंद उभा केला. ह्रिहोरी कितास्ती (१९०७-१९८४) हे त्याचे सूत्रधार होते. १९४२ मध्ये या वृंदाला जर्मनीत नेण्यात आले आणि छावणीत ठेवण्यात आले. नंतर त्यांनी जर्मनीत वेठीने राबवल्या जाणाऱ्या युक्रेनियन मजुरांसमोर गायन केले. युद्ध संपल्यावर मायदेशी परतणे म्हणजे तुरुंग किंवा मृत्यू, हे त्यांना ठाऊक होते. काही वर्षे ते निर्वासितांच्या छावण्यांमधून गात फिरले आणि १९४९ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे येऊन स्थिरावले.

मोटारींचे शहर म्हणून प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइटमध्ये हे कलावंत दिवसा कारखान्यांत काम करीत आणि संध्याकाळी तालमी करीत. वाद्ये तुटली तर नवी आणायची कोठून, हा मोठा प्रश्न होता. सोव्हिएत युक्रेनशी संबंध तुटलेले होते आणि पाश्चात्त्य बाजारात बंडुरा मिळत नव्हता. वृंदातील होंचारेंको बंधूंनी स्वत:च वाद्ये घडवण्यास सुरुवात केली. कितास्ती यांनी नव्या रचना केल्या आणि पुढच्या पिढीला शिकवले. युक्रेनियन बंडुरिस्ट कोरस या नावाने ओळखला जाणारा हा वृंद अमेरिका, कॅनडा आणि युरोपात गायला. वृंदाला मायभूमी पुन्हा पाहता आली ती १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ कोसळत असताना. ज्यांचे नाव घेणेही एकेकाळी धोक्याचे होते, त्या वृंदाला १९९२ मध्ये स्वतंत्र युक्रेनने शेव्चेन्को पारितोषिक देऊन गौरवले.

इतक्या दूर, इतकी वर्षे ही कला टिकण्याचे कारण केवळ संगीतप्रेम हे नव्हते. निर्वासितांच्या मुलांसाठी बंडुराचा वर्ग हा भाषेचाही वर्ग होता. गाणे शिकायचे तर शब्द समजले पाहिजेत, उच्चार बरोबर आले पाहिजेत. म्हणून आईवडील मुलांना बंडुराकडे पाठवीत. गाण्याने भाषा जपली आणि भाषेने गाणे जपले. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे खोत्केविच यांच्या नावाने चाललेला वृंद हे याच प्रेरणेचे दुसरे उदाहरण. खोत्केविच यांनी विकसित केलेली, दोन्ही हातांना सारखेच स्वातंत्र्य देणारी खार्किव्ह शैली त्यांच्या मृत्यूनंतर मायदेशात जवळजवळ लोप पावली होती. ती परदेशातील वादकांनी जतन केली.

दुसऱ्या स्वरांशी संवाद

स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीला जे होते ते जपायचे होते. पुढच्या पिढीला इतरांशी बोलायचे होते. १९५८ मध्ये डेट्रॉइटमध्ये जन्मलेले ज्युलियन कितास्ती हे ह्रिहोरी कितास्ती यांच्याच घराण्यातील. वृंदगायनाच्या वातावरणात वाढलेल्या ज्युलियन यांनी उलट्या दिशेने प्रवास केला. मेणाच्या नळ्या, कोलेस्सा यांच्या स्वरलिपी आणि जुन्या कोब्झारांच्या आठवणी यांचा अभ्यास करून त्यांनी एकट्या गायकाची मूळ शैली आत्मसात केली. त्यांचा ‘ब्लॅक सी विंड्स’ हा ध्वनिसंग्रह २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही मुळे पक्की असल्यामुळेच ते बाहेरच्या संगीताशी मोकळेपणाने बोलू शकले. विनिपेगच्या गायिका अलेक्सिस कोचान यांच्या ‘पॅरिस टू कीव्ह’ या प्रकल्पात त्यांनी प्राचीन ऋतुगीतांना नवे रूप दिले. चीनमधील पिपा या तंतुवाद्याच्या विख्यात वादक वू मान यांच्याबरोबर त्यांनी वादन केले. पिपावर पडद्यांवर बोटे दाबून, तार खेचून स्वर वाकवला जातो. बंडुरावर स्वर मोकळा सुटतो आणि घुमत राहतो. दोन्ही वाद्ये छेडूनच वाजवायची, पण एक बोलते आणि दुसरे प्रतिध्वनी देते. अशा भेटीत कोणीही आपले व्याकरण सोडावे लागत नाही.

क्लेझमर परंपरेतील गायक-वादक मायकेल आल्पर्ट यांच्याबरोबरचे त्यांचे काम अधिक अर्थपूर्ण आहे. युक्रेनियन आणि ज्यू हे शतकानुशतके एकाच गावात, शेजारी शेजारी राहिले. त्यांच्या इतिहासात देवाणघेवाण आहे, तशीच हिंसेची काळी प्रकरणेही आहेत. या दोघा कलावंतांनी युक्रेनियन आणि यिडिश गाणी एकमेकांशेजारी ठेवून सादर केली. उपरोल्लेखित तीव्र मध्यमाची स्वरमाला दोन्हीकडे आहे. त्यामुळे भाषा बदलते, पण सूर मोडत नाही. दोन समाजांच्या इतिहासातील जखमा गाण्याने भरून येतात असा दावा कोणी करणार नाही. परंतु ते कधीकाळी एकमेकांचे ऐकत होते, याचा तो पुरावा आहे.

दरम्यान युक्रेनमधील वादकही पाश्चात्त्य कलावंतांना भेटत होते. अमेरिकी जॅझ गिटारवादक अल डि मेओला यांच्या १९९९ मधील ‘विंटर नाइट्स’ या ध्वनिसंग्रहात रोमान ह्रिन्किव यांचा बंडुरा ऐकू येतो. युरोव्हिजन स्पर्धेसाठी युक्रेनमध्ये २०२० मध्ये झालेल्या निवडफेरीत मारिना क्रूत या तरुण गायिकेने बंडुरा घेऊनच आधुनिक धर्तीचे गाणे सादर केले. एकेकाळी पुरुषांपुरते मर्यादित असलेले हे वाद्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हाती आले, ही यातील आणखी एक लक्षणीय बाब.

जपानमधील प्रवास सर्वस्वी वेगळ्या कारणाने घडला. नतालिया गुडझी या १९८६ मध्ये सहा वर्षांच्या होत्या आणि चेर्नोबिल अणुवीज केंद्राला लागून असलेल्या प्रिप्यात शहरात राहत होत्या. दुर्घटनेनंतर शहर रिकामे करण्यात आले. पुढे दुर्घटनाग्रस्त मुलांच्या लोकसंगीत पथकाबरोबर त्या जपानमध्ये गेल्या आणि २००० पासून तेथेच स्थायिक झाल्या. त्यांनी जपानी भाषा शिकून बंडुराच्या साथीने जपानी गाणी गायला सुरुवात केली. हायाओ मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ या २००१ च्या गाजलेल्या चित्रपटातील समारोपाचे गीत त्यांच्या आवाजात विशेष लोकप्रिय झाले. मूळ गीत युमी किमुरा यांनी लायर या छोट्या, मोकळ्या तारांच्या वाद्यावर गायले होते. त्यामुळे बंडुराचा नाद त्याला उपरा वाटला नाही. आपल्या कार्यक्रमांत त्या चेर्नोबिलची आठवण सांगतात. हिरोशिमा, नागासाकी अनुभवलेल्या देशात तिला आधीच श्रोता होता; २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर त्या कथनाला आणखी जवळचा अर्थ प्राप्त झाला. त्यांची धाकटी बहीण कातेरिना याही जपानमध्येच बंडुरा वाजवतात. अंध कोब्झार परक्याच्या बंदिवासाची कथा सांगत; येथे गाव गमावल्याची कथा सांगितली जाते. वाद्य तेच आहे आणि त्याचे कामही फारसे बदललेले नाही.

मायभूमीतील पुनरुज्जीवन

परदेशात बंडुरा विस्तारत असताना युक्रेनमध्ये त्याचा दुसरा टोकाचा शोध सुरू होता. साठ-पासष्ट तारांच्या, कारखान्यात तयार होणाऱ्या वाद्याने मैफली गाजवल्या, पण त्यावर दुमेचे कथन गुदमरते, असे काहींना वाटू लागले. व्यवसायाने वास्तुरचनाकार असलेले हेओर्ही त्काचेंको (१८९८-१९९३) यांनी तरुणपणी एका अंध कोब्झाराकडून जुन्या बंडुराचे शिक्षण घेतले होते. उतारवयात त्यांनी ते नव्या पिढीला दिले. त्यांचे शिष्य मिकोला बुडनिक (१९५३-२००१) यांनी कीव्हमध्ये कोब्झारांचा संघ पुन्हा उभा केला. या संघात शिकणाऱ्याने आपले वाद्य स्वत:च्या हाताने घडवावे, अशी अपेक्षा असते. नवे कोब्झार डोळस आहेत, शहरी आणि सुशिक्षित आहेत; ही परंपरा जशीच्या तशी परत आलेली नाही, हे तेही जाणतात. परंतु गुरुमुखातून शिकणे, श्रोत्यांच्या अगदी जवळ बसून गाणे आणि शब्दाला सर्वोच्च मानणे ही तिची तत्त्वे त्यांनी स्वीकारली आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोब्झा आणि लिरा यांची परंपरा जतन करण्याच्या या कार्यक्रमाचा आपल्या उत्तम जतनपद्धतींच्या नोंदवहीत समावेश केला.

या मान्यतेला युद्धाची पार्श्वभूमी होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केल्यानंतर तारास कोम्पानिचेंको हे नामवंत कोब्झार संरक्षण दलात दाखल झाले आणि सैनिकांपुढे गाऊ लागले. जे खार्किव्ह शहर कोब्झारांच्या १९०२ च्या गौरवाचे आणि पुढील संहाराचेही साक्षीदार होते, त्याच शहरावर क्षेपणास्त्रे पडू लागली. देश सोडून गेलेल्या लक्षावधी नागरिकांत संगीताचे विद्यार्थी आणि शिक्षकही होते. १९४९ मध्ये डेट्रॉइटला पोहोचलेल्या पिढीपुढे जे प्रश्न होते, तेच या नव्या निर्वासितांपुढे आहेत. मुलांना कोणत्या भाषेत गायला शिकवायचे आणि तुटलेली तार कोठे मिळवायची?

बंडुराच्या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. नाद सहज सीमा ओलांडतो; स्वरमाला शेजाऱ्यांना जोडते; वाद्य कोणत्याही भाषेतील गाण्याला साथ देऊ शकते. मात्र दुमेतील धाकट्या भावाची हाक ऐकून डोळ्यांत पाणी यायचे, तर तिची भाषा जाणणारा श्रोता लागतो आणि ती भाषा बोलणारे गाव लागते. डेट्रॉइटचे वर्ग, न्यूयॉर्कचे प्रयोग आणि टोकियोच्या मैफली यांनी गेल्या शतकात हे वाद्य जिवंत ठेवले, यात शंका नाही. तथापि त्या साऱ्यांना आधार होता तो मायभूमीतील गाण्याचा, मग ते मेणाच्या नळीत बंदिस्त असो वा एखाद्या वृद्ध शिष्याच्या स्मरणात. तो आधार पुन्हा एकदा पणाला लागला आहे आणि म्हणूनच आज जगभर वाजणाऱ्या बंडुराकडे केवळ एक मनोहर विदेशी वाद्य म्हणून पाहणे पुरेसे ठरणार नाही.